रेणूंचा अभ्यास आणि विचारण्याचे धैर्य

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लेख पाठवावेत, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आठवणी लिहाव्यात की आपल्या कामाविषयी लिहावे, यावर आम्हा चार-पाच जणांत बरीच चर्चा झाली. पहाटेच्या घंटेच्या, पंगतीतल्या जेवणाच्या आणि गुरुजनांच्या आठवणी या अंकात अनेकांनी लिहिल्या असतीलच. आम्ही कामाविषयी लिहिण्याचे ठरविले. स्नेहमेळाव्याला आलो की पालक आम्हाला हमखास विचारतात, "तुम्ही नेमके करता तरी काय?" 'केमिकल इंजिनिअर' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना आणि धुराडे उभे राहते, 'संगणकावर काम करतो' म्हटले की त्यांना आयटी कंपनी वाटते. आमचे काम या दोहोंच्या मधले आहे. ते समजावून सांगायला वेळ लागतो म्हणून आम्ही आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आलो. आमच्या शिक्षणासाठी ज्यांनी पदरमोड केली, त्यांना इतके तोकडे उत्तर देणे बरे नव्हे, ही जाणीव या लेखामागे आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. गणिताची व रसायनशास्त्राची खरी आवड असलेल्या आपल्या काही मुलामुलींनी मॉलिक्युलर मॉडेलिंगच्या, म्हणजे रेणूंच्या संगणकीय प्रतिरूपणाच्या क्षेत्रात यावे, असे आम्हाला वाटते. ही वाट लांब आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आणि ती एकट्याने चालण्याची वाट नाही. तिच्यावर सोबत देण्याचे काम आपण माजी विद्यार्थ्यांनी करायला हवे होते, ते केलेले नाही. या शेवटच्या दोषात आम्ही स्वतःही आहोत.

हे काम म्हणजे काय

अठरा ग्रॅम पाणी म्हणजे साधारण चार चमचे. तेवढ्या पाण्यात सहावर तेवीस शून्ये द्यावीत इतके रेणू असतात. पाणी शंभर अंशांवर का उकळते, तेल पाण्यात का मिसळत नाही, मध पाण्यापेक्षा सावकाश का ओघळतो, या सर्व प्रश्नांची उत्तरे शेवटी त्या रेणूंच्या परस्पर आकर्षण-प्रतिकर्षणात आहेत. कारखाना उभारणाऱ्या अभियंत्याला नेमक्या याच गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात. ऊर्ध्वपातनाचा मनोरा किती उंच बांधायचा, पंप केवढा लागेल, दोन द्रव वेगळे करायला किती उष्णता खर्च होईल, हे ठरविताना मिश्रणाचा उत्कलनबिंदू, घनता, श्यानता हे आकडे हाती हवेत. सर्वच मिश्रणांवर प्रयोग करणे शक्य नसते. काही पदार्थ विषारी असतात, काही महाग असतात, काही अजून कोणी तयारच केलेले नसतात.

म्हणून सूत्रे आली. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी वायू आणि द्रव यांना एकाच समीकरणात बसवले. त्यांना १९१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातले पेंग-रॉबिन्सन समीकरण १९७६ चे आहे आणि तेलशुद्धीकरणापासून नैसर्गिक वायूपर्यंत आजही त्यावर गणिते होतात. परंतु अशा सूत्रांतील स्थिरांक प्रयोगांवरूनच घ्यावे लागतात. जेथे प्रयोग नाहीत, तेथे सूत्रे अडखळतात. तेथून पुढे आमचे काम सुरू होते.

आम्ही संगणकात एक काल्पनिक पेटी घेतो. तिच्यात काही हजार रेणू ठेवतो. कोणता अणू कोणाला किती जोराने ओढतो वा ढकलतो, याचे नियम देतो. मग प्रत्येक अणूवरील बल काढून न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवतो. हे 'किंचित' म्हणजे एक फेम्टोसेकंद, सेकंदाच्या एक अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. अशा दहा लाख पावलांनी एक नॅनोसेकंद होतो. एवढ्या धावपळीनंतर सरासरी काढली की द्रवाची घनता, श्यानता, एक रेणू दुसऱ्यांतून किती वेगाने पसरतो, हे कळते. याला मॉलिक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. दुसरी पद्धत मॉन्टे कार्लो; ती १९५३ मध्ये मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून पुढे आली. तिच्यात रेणूंना यदृच्छेने हलवून पाहतात आणि ऊर्जेच्या हिशेबाने ती हालचाल स्वीकारायची की नाकारायची हे ठरवतात. तिसरी पद्धत पुंजयामिकीची. रासायनिक बंध तुटतात आणि जुळतात तेव्हा इलेक्ट्रॉनांचाच हिशेब मांडावा लागतो. त्या कामासाठी वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या शास्त्राच्या आरंभीच्या काळातले एक मोठे नाव आपल्या फारसे परिचयाचे नाही, याची खंत वाटते. अनीसूर रहमान यांचा जन्म १९२७ मध्ये हैदराबादेत झाला. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीतला हा माणूस. केंब्रिज आणि बेल्जियममधील लुव्हाँ येथे शिकून ते उस्मानिया विद्यापीठात शिकवू लागले आणि पुढे अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तेथे १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडून दाखवली आणि प्रयोगांशी ताडून पाहिली. वास्तव द्रवाचे असे चित्र पूर्वी कोणी उभे केले नव्हते. १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याच्या २१६ रेणूंवर तसेच काम केले. आज शाळेच्या संगणक कक्षातला साधा संगणकसुद्धा ते गणित सहज करील. अमेरिकन फिजिकल सोसायटी त्यांच्या नावाने संगणकीय भौतिकीचे पारितोषिक देते. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्यांचा उल्लेख आम्हाला कधी भेटला नाही.

याचा आपल्याशी संबंध काय

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही आपल्या घरांपासून देऊ इच्छितो. लोटे-परशुराम, महाड, तारापूर, कुरकुंभ, वाळूज, चिकलठाणा ही नावे आपल्या कुटुंबांना परकी नाहीत. आपले भाऊ, काका, शेजारी तेथील रासायनिक आणि औषधी कारखान्यांत कामाला आहेत, बरेचसे कंत्राटावर. संध्याकाळी घरी आल्यावर कपड्यांना येणारा विद्रावकांचा वास आमच्यापैकी दोघांच्या लहानपणीच्या आठवणींत आहे. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. एखाद्या प्रक्रियेत कोणता विद्रावक वापरायचा, अधिक घातक विद्रावकाच्या जागी कमी घातक चालेल का, तो किती तापमानाला आणि किती प्रमाणात वापरावा, हे निर्णय कामगार घेत नाही. तो फक्त त्या निर्णयांचे परिणाम श्वासात घेतो. निर्णय होतात ते संशोधन विभागाच्या टेबलाशी, आणि आता तेथे रेणूंचे संगणकीय गणितही मांडले जाते. हजारो विद्रावकांतून सुरक्षित असे वीस-पंचवीस निवडून प्रयोगशाळेकडे पाठवणे हे या शास्त्राचे एक रोजचे काम आहे. त्या टेबलाशी बसणाऱ्यांत ज्यांच्या घरात तो वास आला आहे, असेही कोणी असावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण वायू साठवण्याचे. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेले स्पंजासारखे सच्छिद्र स्फटिक असतात. त्यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात आणि २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांच्या शोधासाठीच दिले गेले. अशा स्फटिकांचे प्रकार कल्पनेत अगणित होऊ शकतात. सगळे करून पाहायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील रासायनिक अभियंत्यांच्या गटाने २०१२ मध्ये असे १,३७,९५३ काल्पनिक स्फटिक संगणकात रचले, प्रत्येकात मिथेन किती साठेल याचे गणित केले आणि त्यांतील तीनशेहून अधिक आशादायक ठरवले. पुढे त्यांपैकी एक प्रत्यक्ष तयार करून तपासलाही. प्रयोगाची जागा संगणकाने घेतली, असा याचा अर्थ कोणी करू नये. कोणता प्रयोग आधी करावा, हे संगणकाने सांगितले. या शास्त्राची मर्यादा आणि उपयोग, दोन्ही याच उदाहरणात दिसतात.

तिसरे उदाहरण धडा देणारे आहे. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरील औषध १९९६ मध्ये बाजारात आले. दोन वर्षांनी त्याच औषधाचे रेणू वेगळ्या मांडणीत रचलेले नवेच स्फटिक उत्पादनात दिसू लागले. ते अधिक स्थिर होते, पण कमी विरघळत होते. म्हणजे औषध पोटात जाऊनही शरीराला पुरेसे मिळाले नसते. १९९८ मध्ये त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, रचना वेगळी, आणि तेवढ्याने रुग्णांचे औषध अडले. असे दुसरे रूप लपलेले आहे का, याचा शोध आता औषधी कंपन्या संगणकावरही घेतात.

चार महिने आणि पाच मिनिटे

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

आमच्यापैकी एकाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी एका सेंद्रिय द्रवाचे गणित हाती घेतले होते. पेटीत द्रव राहतच नसे. पेटी फुगत जाई, घनता घसरत जाई आणि शेवटी द्रवाचा वायू होऊन जाई. त्याने तापमान तपासले, दाब तपासला, पुन्हा पहिल्यापासून सगळे मांडले. चार महिने गेले. एके दिवशी चहाच्या टपरीवर वरच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "तुझे कसे चालले आहे?" त्याने सांगितले. तिने आकडे पाहिले आणि पाच मिनिटांत चूक दाखवली. रेणूंमधील आकर्षणाचे आकडे ज्या शोधनिबंधातून घेतले होते, त्यात ते किलोकॅलरीत होते; त्याची आज्ञावली मात्र ते किलोज्यूल समजत होती. दोहोंत ४.१८४ पटींचा फरक. आकर्षण चौपटीहून कमी झाले, तेव्हा रेणू एकमेकांना धरून राहणार कसे?

चूक कोणाकडूनही होईल अशी होती. एककांचा घोटाळा या क्षेत्रात प्रत्येकाने एकदा तरी केलेला असतो. आमचा प्रश्न निराळा आहे. त्याने चार महिने कोणाला विचारले का नाही? शेजारच्या टेबलावरचे मित्र दररोज एकमेकांना विचारत होते. त्यांच्यातल्या एकाचे वडील प्राध्यापक होते, दुसऱ्याची बहीण परदेशात याच विषयात होती. ते फोनवरही विचारीत. आमच्या मित्राने पुष्कळ वर्षांनी आम्हाला खरे सांगितले. विचारले तर "कोट्यातून आलेल्याला एवढेही येत नाही" असे कोणी म्हणेल, ही भीती त्याच्या मनात होती. तसे त्याच्या तोंडावर कोणी म्हणाले नव्हते. प्रवेशाच्या आठवड्यात त्याने ते दुसऱ्या कोणाविषयी बोलले जाताना ऐकले होते, तेवढे पुरले.

आम्ही सर्वांनी ही भीती कमीअधिक अनुभवली आहे. शाळेत असताना आम्ही अभ्यासिकेत एकाच दिव्याखाली बसून मोठ्या मुलांना बिनदिक्कत विचारीत होतो. एखादे गणित सुटले नाही तर खोली क्रमांक पाच ते नऊ सगळे जागे व्हायचे. ती सवय पुढच्या शिक्षणात कशी गळून पडली, हे आम्हाला कळलेही नाही. आणि नेमक्या अशा क्षेत्रात गळून पडली, जेथे तिच्यावाचून चालतच नाही.

याचे कारण या विद्येच्या स्वरूपात आहे. उष्मागतिकी आणि सांख्यिकीय यामिकी पुस्तकांत मिळते. आज्ञावल्याही खुल्या आहेत. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात जन्मलेली ग्रोमॅक्स आणि अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेतील लॅम्प्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. पेटी किती मोठी घ्यावी, कोणत्या द्रवाला कोणते बलनियम लागू पडतात, उत्तरावर केव्हा विश्वास ठेवावा आणि केव्हा शंका घ्यावी, हे मात्र पुस्तकात अर्धेच असते. उरलेले अर्धे माणसाकडून माणसाकडे जाते. स्वयंपाकघरात भाकरी थापायला शिकावे तसेच हे आहे; पीठ, पाणी, तवा सगळे मिळाले तरी पहिली भाकरी कोणाच्या तरी शेजारी बसूनच येते.

म्हणूनच या क्षेत्रातील मोठ्या माणसांनी संस्थांइतकेच लक्ष मेळाव्यांकडे दिले. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये सेकाम ही संस्था निघाली. कार्यशाळा भरवणे आणि निरनिराळ्या देशांच्या संशोधकांना एकत्र बसवणे हेच तिचे मुख्य काम आणि ते आजही चालू आहे. रासायनिक अभियंत्यांनी २००० मध्ये अमेरिकेत रेणवीय प्रतिरूपणाच्या पायांवर विचार करणारी स्वतंत्र परिषद भरवली आणि ती पुढेही भरत राहिली. अमेरिकन रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेत या विषयाचा वेगळा मंचही आहे.

त्यांची एक प्रथा आम्हाला विशेष आवडते. केंब्रिज येथील स्फटिक माहिती केंद्र १९९९ पासून आंधळी चाचणी घेत आले आहे. एखाद्या रेणूची फक्त आकृती द्यायची. त्याचे स्फटिक कसे असेल हे जगभरच्या गटांनी गणिताने सांगायचे. खरे उत्तर तोवर पाकिटात बंद. मग सर्वांसमोर उघडायचे. या शतकाच्या आरंभी औद्योगिक द्रवांच्या गुणधर्मांबाबतही अशाच स्पर्धा घेतल्या गेल्या. मोठमोठ्या विद्यापीठांचे गट त्यात चुकले आणि आपण कोठे चुकलो याचे निबंध त्यांनी छापले. चूक मान्य करणे हा तेथे कमीपणा समजला जात नाही; तो कामाचाच भाग असतो. आमच्या मित्राला हे पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते, तर त्याचे चार महिने वाचले असते.

वाट किती लांब

पालकांना आकडे हवे असतात, आणि ते मागणे योग्यच आहे. बारावीनंतर अभियांत्रिकीची चार वर्षे, एम.टेक.ची दोन, पीएच.डी.ची सुमारे पाच. काही संस्थांत बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. करूनही या क्षेत्रात येता येते. आयसरसारख्या संस्थांत बारावीनंतरच पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही मार्गाने गेले तरी स्थिर नोकरी लागेपर्यंत मुलगा किंवा मुलगी अठ्ठावीस-तीस वर्षांची होते.

या काळात पैसा अगदीच नसतो असे नाही. गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला प्रवेश घेतल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अमेरिकेत रासायनिक अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला बहुधा शुल्क माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते; तेथे पीएच.डी. करायला जमीन विकावी लागते, हा समज चुकीचा आहे. मात्र शिष्यवृत्तीचे पैसे नेहमी वेळेवर येत नाहीत. दोन-तीन महिने हात कोरडा राहिला की घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाचे मन अभ्यासात कसे राहणार? आमच्या ओळखीतली एक अत्यंत हुशार मुलगी अशाच काळात अभ्यास सोडून नोकरीला लागली. तिचा निर्णय चूक होता असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. तिच्या त्या दोन महिन्यांत आम्ही सगळे नोकरीत होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

नोकऱ्यांविषयीही खरे सांगितले पाहिजे. निव्वळ मॉलिक्युलर मॉडेलिंगच्या जागा भारतात थोड्या आहेत. त्या आहेत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संशोधन संस्थांत, मुंबईच्या आयसीटी आणि आयआयटीसारख्या शिक्षणसंस्थांत, हैदराबाद आणि बंगळूरच्या औषधी संशोधनात, मोठ्या तेल आणि रसायन कंपन्यांच्या संशोधन केंद्रांत आणि अशी सॉफ्टवेअरे तयार करणाऱ्या कंपन्यांत. टीसीएसच्या पुण्यातील संशोधन केंद्रात मानवी त्वचेतून औषध कसे झिरपते, याचे रेणवीय गणितही झाले आहे. पण अशा एकेका जागेसाठी अर्ज पुष्कळ येतात. या शिक्षणाचा दुसरा उपयोग असा की गणित, आज्ञावली लिहिणे आणि आकड्यांवर शंका घेणे या तिन्ही गोष्टी अंगवळणी पडतात. म्हणून आमच्यापैकी दोघे आज विदाविज्ञानात, एक प्रक्रिया अभियांत्रिकीत आहे. त्यांना आपली वर्षे वाया गेली असे वाटत नाही.

आम्हाला एक आक्षेप वारंवार ऐकू येतो: आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे करील, मग मुलांनी हे शिकून काय उपयोग? बदल मोठा आहे, यात शंका नाही. प्रथिनांच्या रचनेचे भाकीत आणि त्यांची नवी रचना यांसाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अणूंमधील बलांचे गणित आता शिकाऊ यंत्रप्रणाली पुंजयामिकीच्या उदाहरणांवरून करतात आणि ते पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने होते. पण अशी प्रणालीही न शिकलेल्या प्रदेशात गेली की आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देते. तो चुकीचा आहे हे ओळखायला उष्मागतिकी पक्की असलेले माणूस लागते. ज्यांचा पाया वरवरचा आहे, त्यांना या बदलाची भीती जास्त आहे. आपल्या मुलांचा पाया खोल असावा, एवढाच यातून घेण्यासारखा बोध.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गरीब घरातल्या मुलाने लवकर कमावते व्हावे की दहा-अकरा वर्षे शिकत राहावे? सर्वांनी ही वाट धरावी, असे आम्ही म्हणत नाही. पोलीस भरती, बँक, शिक्षकी पेशा, आयटी यांनी आपली शेकडो घरे उभी केली आहेत आणि त्या मार्गांविषयी आम्हाला आदर आहे. शंभरांतील एक-दोन मुलांविषयी आम्ही बोलत आहोत. त्यांची आवड आणि कुवत असूनही केवळ घरची ओढ म्हणून ती थांबत असतील, तर तो भार एका घराने एकट्याने का उचलावा? बडोद्याच्या महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती मदत तीन वर्षे नियमित होती, म्हणून कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास होऊ शकला. एकदा दिलेल्या सत्काराच्या रकमेने ते झाले नसते.

आमची सूचना

दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण दर वर्षी करतो. शाल, श्रीफळ, पाकीट, छायाचित्र. तो जरूर व्हावा. पण पुढच्या दहा वर्षांत त्या मुलांचे काय होते, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही आजी-माजी सर्वांसमोर काही गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट, उच्च शिक्षण घेणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मोठे माणूस असावे. त्याने महिन्यातून एकदा फोन करावा आणि "कसे चालले आहे?" हा एकच प्रश्न मनापासून विचारावा. विषय कळला पाहिजे असे नाही. चहाच्या टपरीवर त्या विद्यार्थिनीने नेमके एवढेच विचारले होते.

दुसरी गोष्ट, शिष्यवृत्ती रखडते त्या महिन्यांसाठी एक छोटा फिरता निधी असावा. बिनव्याजी उसने द्यावे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावे. याला मोठी देणगी लागत नाही; विश्वासू हिशेब लागतो. आम्ही आमच्याकडून त्याची सुरुवात करीत आहोत.

तिसरी गोष्ट, शाळेच्या संगणक कक्षात उन्हाळ्याच्या सुटीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठ दिवस. पेटीत शंभर गोळे ठेवायचे, त्यांना न्यूटनचा नियम द्यायचा, तापमान वाढवले की काय होते ते पाहायचे. पायथॉन ही संगणकभाषा विनामूल्य आहे आणि शाळेतले संगणक त्याला पुरेसे आहेत. बर्फ वितळताना पडद्यावर पाहिलेले मूल 'अवस्थांतर' हा शब्द कधी विसरणार नाही. शिकवायला आम्ही येऊ, आणि मराठीत शिकवू. इंग्रजी पुढे लागतेच, ती टाळता येणार नाही. परंतु रेणूची पहिली ओळख आपल्या भाषेत झालेली बरी.

विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे दोन शब्द. गणित सोडू नका. कलन, सदिश आणि संभाव्यता या तीन गोष्टी पक्क्या करा. आणि अडले की विचारा. पहिल्याच आठवड्यात विचारा, सर्वांसमोर विचारा. तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट शेजारच्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते; तो विचारायला घाबरत नाही, एवढाच तुमच्यातला फरक.

आमच्या मित्राविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तो आज संशोधक आहे आणि त्याच्या गटात नवे विद्यार्थी येतात. पहिल्या दिवशी तो त्यांना आपला तो जुना, फुगत गेलेल्या पेटीचा आलेख दाखवतो आणि त्यातली चूक शोधायला सांगतो. बहुतेकांना ती सापडत नाही. मग तो स्वतः ती दाखवतो, आपल्याला ती शोधायला किती महिने लागले तेही सांगतो, आणि त्यानंतरच कामाला सुरुवात होते.